नारिंगी पुस्तक आणि गेथिनची शपथ

मित्रांनो, मी एक जुने, नारिंगी पुठ्ठ्याचे सरकारी पुस्तक आहे. नशेच्या पाशात सापडलेल्या माणसावर उपचार कसे करावेत, हे जाणत्या मंडळींनी डॉक्टरांसाठी माझ्यात लिहिले. छापखान्यातून निघाले ते मी वेल्सच्या एका खोऱ्यात, डॉक्टर एम्रिस यांच्या दवाखान्यात आले. तिथे कित्येक महिने मला कोणी उघडलेसुद्धा नाही.

मग एके दिवशी गेथिन आला. घरांवर पाटीच्या दगडाची छपरे घालणारा हा तरणाताठा गडी हेरॉइनने पार पोखरला होता. डॉक्टरांनी मला उघडून पुढ्यात ठेवले, तसा तो हसला.

"पुस्तकात बघून औषध देताय होय, डॉक्टर? नव्या सुनेनं पहिल्यांदा चूल पेटवावी तसं दिसतंय हे."

"तसंच आहे बाबा," डॉक्टर म्हणाले. "पण तुला करपू देणार नाही."

माझ्या आयुष्याचे सोने झाले ते तेव्हा. गेथिनला हेरॉइनची तलफ भागवणारे हिरवे, पातळ औषध सुरू झाले. ते रोज सकाळी औषधांच्या दुकानात, नेरिसबाईंच्या डोळ्यांदेखत प्यायचे. घोट खरेच गिळला की नाही, हे कळायला त्या त्याला बोलते करीत. बोलणे कसले, भजनाची एक ओळच म्हणायला लावीत! हळूहळू गेथिन छपरांवर परतला. रविवारी प्रार्थनागृहात गाणाऱ्यांच्या खर्जाच्या रांगेत उभा राहू लागला. त्याची आई ग्लेनिस पुन्हा शेजारणींशी हसून बोलू लागली.

त्या प्रार्थनागृहाची एक जुनी रीत होती. व्यसन सोडणाऱ्याने सर्वांसमोर उभे राहून 'एक घोटही घेणार नाही' अशी शपथ घ्यायची. तिथले वडीलधारे इदवालकाका मनाने लोण्यासारखे. त्यांच्या वडिलांची दारू याच शपथेने सुटली होती. ते गेथिनला मायेने म्हणाले, "लेकरा, तो हिरवा घोट हाही घोटच की रे. वसंतातल्या भजनमेळ्याला मोकळा होऊन ये."

गेथिनने औषध सोडले. तीन दिवस तो आला नाही, तेव्हा नेरिसबाईंनी नेमाप्रमाणे डॉक्टरांना फोन केला. त्याला बोलावून घ्या म्हणाल्या. पण डॉक्टरही त्याच प्रार्थनागृहात गाणारे.

"अगं, बरंच झालं की. पोरगं जिंकलं," ते म्हणाले.

मी तोवर पुन्हा जाड ग्रंथांमागे पडले होते. औषध सुटले की शरीराची सवय मोडते, आणि पूर्वी पचणारी नशा मग जीव घेते, असे माझ्यात स्पष्ट लिहिलेले होते. हे त्याला सांगा, घरच्यांना सांगा, आणि घसरलाच तर परत यायला दार उघडे ठेवा, असेही होते. मला हाक मारता आली असती तर!

मेळ्यात गेथिनने शपथ घेतली. सगळे प्रार्थनागृह रडले म्हणतात.

पानगळीत पाऊस लागून राहिला आणि त्याचे काम सुटले. मन खचले. पण दवाखान्याची पायरी चढायची तर शपथ मोडल्यासारखे होणार, गाव काय म्हणेल, ही लाज. त्याने एकदाच, पूर्वीइतकीच नशा केली. सकाळी ग्लेनिस चहा घेऊन वर गेली, तेव्हा तो थंड झाला होता.

मातीनंतर ती दवाखान्यात आली. डॉक्टरांच्या मांडीवर मी त्याच इशाऱ्याच्या पानावर उघडेच होते.

"हे ह्यात लिहिलेलं होतं का, डॉक्टर?"

"होतं, ग्लेनिस."

"मग मला का नाही सांगितलं? मी त्याला हाताला धरून रोज नेरिसकडे नेलं असतं. साऱ्या गावासमोरून नेलं असतं हो."

माझ्या पानावर पाणी पडले. कोणाच्या डोळ्यांतले, ते मला कळले नाही.

मित्रांनो, आता माझ्याहून नवी, शहाणी पुस्तके आली आहेत. ती वाचा, पण वाचून मिटून ठेवू नका. ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्याला सांगा, त्याच्या आईला सांगा. औषध घेणाऱ्याला कमी लेखू नका. देवाला ते औषध वर्ज्य नाही. आणि कोणी पडलाच, तर त्याला आधी उचला. शपथेचे मागाहून बघता येईल.