पोटातली चाळण

सासऱ्यांना एका जागी बसणं कधी जमलंच नाही. लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस. नात्यात सगळे त्यांना 'भिंगरी' म्हणत. किडन्या निकामी झाल्यावर रुग्णालयातल्या मशीनला जखडून घ्यायला त्यांनी साफ नकार दिला, म्हणून घरीच पोटातून डायलिसिस सुरू झालं. सून नळीतून पोटात साखरेचं पाणी सोडायची आणि काही तासांनी काढून घ्यायची. पोटातलं पातळ आवरण रक्तातली घाण, जादा पोटॅशियम त्या पाण्यात येऊ द्यायचं, रक्तपेशींना अडवायचं. साखर अंगातलं जादा पाणीही ओढून घ्यायची.

पण अलीकडे आत सोडलं त्याहून कमीच पाणी बाहेर यायला लागलं.

"वजनकाटा बिघडलाय," सासरे म्हणाले.

तिने बाहेर आलेल्या पाण्याची पिशवी पुन्हा तोलली. वजन तेच. त्यांच्या घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. दोन पायऱ्या चढून त्यांना धाप लागली, तेव्हा ती त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

तपासणी झाली. "आवरण सैल पडलंय, काका," बाई म्हणाल्या. "साखर झटकन रक्तात निघून जाते. मग पाणी ओढायला मागे काही उरत नाही."

"मग पाणी बदला."

"बदलून पाहिलं ना मागच्या वेळी. आता मशीनच."

सासरे ताडकन उठले आणि बाहेर पडले. ती मागोमाग धावली. ते गाडीत चालकाच्या जागेवर बसले होते. किल्ली हातात, पण धापेमुळे बोलताही येत नव्हतं.

"बाबा, माझ्या हातून काही चुकलं का?" कित्येक दिवस मनात असलेलं तिने विचारून टाकलं.

धाप जरा ओसरल्यावर ते तिच्याकडे वळले. "म्हणून तू रोज पिशव्या दोनदा तोलतेस होय? वेडी आहेस का? इतकी वर्षं जगलो ते कुणामुळे?"

किल्ली त्यांनी तिच्या हातात ठेवली. "चल. बाईंना सांग, म्हातारा तयार आहे."

मानेत नळी बसवून त्याच दिवशी मशीन सुरू झालं. ते सारखी चुळबुळ करत, तंत्रज्ञाला प्रश्न विचारून भंडावून सोडत. पण आठवड्याभरात सूज उतरली आणि ते धाप न लागता आडवे होऊन झोपू लागले.

सुनेला मात्र चैन नव्हतं. पिशवी बदलायची वेळ झाली की ती उठायची, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची, आणि मग पुढे काय करायचं ते तिला सुचायचं नाही.