माझं तोंड दाराकडे होतं

मी एका सरकारी दवाखान्यातला संगणक बोलतोय. जळकोटहून मुखेडच्या रस्त्याला लागलं की जी गावं येतात, त्यांतल्या एका गावात माझं टेबल आहे. गावाचं नाव सांगणार नाही. ज्या माणसांची हकीकत सांगणार आहे, त्यांचीही नावं बदलून घेतली आहेत. फक्त एका बाईचं नाव खरं ठेवलंय, तेही तिच्याच इच्छेनं. या यंत्राला एवढा सोवळेपणा कशाला, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या, आधी ऐकून तर घ्या.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते मला आठवत नाही. आठवतं ते लातूरचं गोदाम आणि तिथून जीपनं केलेला प्रवास. औषधांच्या खोक्यांमध्ये मला दाटीवाटीनं बसवलं होतं. गावात पोचल्यावर माझी रीतसर पूजा झाली. नारळ फुटला, कपाळाला कुंकू लागलं. त्या कुंकवाची एक पुसट रेघ अजून माझ्या कडेला आहे.

मग प्रश्न आला तो मला ठेवायचं कुठं. विजेचं बटण एकाच भिंतीला आणि माझी वायर आखूड. त्यामुळे टेबल असं लागलं की काम करणाऱ्याची पाठ दाराला आणि माझं तोंड दाराकडे. दाराबाहेर पेशंटांचं बाकडं. तिथं बसलेली माणसं वेळ जात नाही म्हणून माझ्याकडे बघत बसायची. तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. वायर आखूड आहे, एवढंच सगळे म्हणाले.

माझ्यावर काम करायची ज्योत्स्ना सिस्टर. मूळची नांदेडची, राहायला दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये. ऑनलाइन नोंदणीचं प्रशिक्षण घेऊन ती आली आणि आल्या आल्या तिनं माझ्या कपाळावरची चिठ्ठी टराटरा फाडली. आमचा ऑपरेटर सुदर्शन यानं विसरायला नको म्हणून पासवर्ड लिहून तिथंच चिकटवला होता! त्यानंतर तिचा पासवर्ड तिच्यापाशी आणि त्याचा त्याच्यापाशी. सुदर्शन दोन दिवस गाल फुगवून बसला होता.

सिस्टर लई जपून काम करायची. फोन नंबर घेताना विचारायची, "हा तुमचाच आहे ना? शेजाऱ्याचा देऊ नका, निरोप त्याच्या फोनवर जाईल." माझ्यातली माहिती वर जाते ती कुलूपबंद जाते. कुणी कुणाचं पान उघडलं याची खूण मागं राहते. थोडा वेळ मला कुणी हात लावला नाही तर मी आपोआप डोळे मिटतो. हे सगळं मला बनवणाऱ्यांनी विचार करून केलेलं आहे, आणि मला त्याचा अभिमान होता.

एका सकाळी चांगुणाबाई आल्या. गावच्या बौद्धवाड्यातल्या, शाळेत पोरांना खिचडी शिजवणाऱ्या. काम लागलं तेव्हा काही घरांनी आपल्या लेकरांना घरून डबे बांधून दिले होते. कारण काय ते कुणी बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती. चांगुणाबाईंनीही काही म्हटलं नाही. त्या शिजवत राहिल्या, आणि वासानं म्हणा की भुकेनं, लेकरं एकेक करून त्यांच्या पंगतीला बसायला लागली. डबे बंद झाले. त्यांच्या आयुष्यातली ही मोठी कमाई होती.

त्या दिवशी त्यांच्या हातात तपासणीचा निकाल होता. टीबी. सिस्टरनं नाव विचारलं तेव्हा त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"सिस्टर, ह्या डब्यात माझं नाव टाकलं तर गावाला खबर लागंल का?"

"नाही लागणार. ह्याला कुलूप आहे. मी, डॉक्टर आणि वरचं टीबीचं ऑफिस, एवढ्यांनाच दिसतं."

"बघा बरं का. रोग बरा हुईल, पण चुलीपासून उठवलं तर परत कुणी बसू देणार न्हाई मला."

"माझा शब्द आहे, चांगुणाबाई," सिस्टर म्हणाली. आणि तिनं ते नाव माझ्यात लिहिलं.

डॉक्टरांनी सांगितलं तसं सगळं चांगुणाबाईंनी केलं. सुरुवातीचे दिवस रजा टाकून त्या किल्लारीला बहिणीकडं जाऊन राहिल्या, वेगळ्या खोलीत. थुंकीत जंतू नाहीत असा निकाल आला आणि डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं, तेव्हाच चुलीपाशी परतल्या. गोळ्या चालूच होत्या. गावात कुणालाही काही कळलं नव्हतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. काम झालं याचा पुरावा म्हणजे फोटो. लस टोचली, फोटो. टाकी धुतली, फोटो. झाड लावलं तर झाडापेक्षा फोटोला जास्त पाणी मिळतं. ग्रुपवर फोटो पडला नाही तर काम झालंच नाही असं वरचे समजतात, आणि हळूहळू खालचेही तसंच समजायला लागलेत.

तर आमच्या दवाखान्याची सगळी नोंदणी ऑनलाइन झाली म्हणून तालुक्याहून साहेब आले. ज्योत्स्ना सिस्टरचा सत्कार ठरला. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. सुदर्शन फोटोला सरसावला. "सिस्टर, संगणकाशेजारी उभ्या राहा. आणि तो चालू पाहिजे, न्हाई तर ऑनलाइन काम केलंय हे दिसंल कसं?" नुकत्याच चांगुणाबाई गोळ्या घेऊन गेल्या होत्या आणि त्यांचं पान माझ्यावर उघडं होतं. साहेबांचं भाषण लांबलं. मी सवयीनं डोळे मिटायला लागलो, तसा सुदर्शननं माऊस हलवला. परत मिटायला लागलो, परत हलवला. सिस्टर शाल सावरत पुढं बघून हसत होती. तिच्या खांद्याच्या मागं मी होतो, आणि माझ्यावर ठळक अक्षरात चांगुणाबाईंचं नाव, गाव आणि आजार.

फोटो साहेबांच्या ग्रुपवर गेला, तिथून ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर. अभिनंदनाचा पाऊस पडला. हात जोडलेले, फुलांचे गुच्छ, टाळ्या. कुणीतरी मात्र दोन बोटांनी तो फोटो मोठा करून बघितला.

मी शाळेत गेलेलो नाही. बाकड्यावरच्या बाया बोलतात ते ऐकतो. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या बोलण्यात डबे आले. पोरांच्या दप्तरात परत डबे यायला लागले होते. पंगतीत एक जागा रिकामी, मग दोन, मग रांगच अर्धी. मुख्याध्यापक चांगुणाबाईंना म्हणाले, "वातावरण निवळेपर्यंत जरा घरी थांबा." उलथनं दुसऱ्या बाईच्या हातात गेलं.

खबर फुटली कशी, म्हणून वरून चौकशी झाली. कुणाचा पासवर्ड चोरीला गेला का? कुणी परक्यानं पान उघडलं का? काही सापडलं नाही. माझी सगळी कुलपं शाबूत होती. शेवटी ज्योत्स्ना सिस्टरनंच तो फोटो मोठा करून बघितला आणि तिला माझ्यावरचं नाव वाचता आलं. सुदर्शननं तोंड पाडून ग्रुपवरचा फोटो काढून टाकला. पण तोवर तो कुठं कुठं पोचला होता, कोण सांगणार!

सिस्टरनं डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं आणि चांगुणाबाईंना निरोप धाडला. त्या आल्या, पण खुर्चीवर बसल्या नाहीत.

"चूक माझी आहे," सिस्टर म्हणाली. "फोटोला उभी राहिले आणि मागं वळून बघितलं नाही." तिचे डोळे भरून आले होते. "मी शाळेत येते. सगळ्यांना समजावून सांगते, की आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही."

"न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "म्हंजे परत माझं तुम्हीच सांगणार? एकदा सांगितलं तेवढं बास झालं, सिस्टर."

त्या निघून गेल्या. सिस्टरनं मला हात लावला नाही. मी आपले नेहमीसारखे डोळे मिटून घेतले. त्या दिवशी ते मिटणं मला फार उशिराचं वाटलं.

थोड्याच दिवसांनी शाळा समितीचे बसवंतमामा चारपाच जणांना घेऊन दवाखान्यात आले. गावात त्यांच्या शब्दाला वजन. "सिस्टर, आमचं दुसरं काही म्हणणं न्हाई. त्या बाईला टीबी हाय का न्हाई, एवढंच सांगा. फोटोत तर दिसूनच राहिलंय."

"मामा, मी कुणाच्याच आजाराचं सांगत नाही. आहे असंही नाही आणि नाही असंही नाही."

"आमच्या लेकरांचा सवाल हाय. हक्क हाय आमचा."

"शाळेतल्या कुणापासून लेकरांना धोका असता तर डॉक्टरांनीच पाऊल उचललं असतं. त्याच्यापुढं मी बोलणार नाही. उद्या तुमच्याबद्दल कुणी विचारायला आलं, तर त्यालाही मी हेच सांगेन."

बसवंतमामांनी चटकन माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. त्यांचंही पान माझ्यात आहे. त्यात काय आहे ते विचारू नका, मी तुम्हालाही सांगणार नाही.

तेवढ्यात दारातून आवाज आला. गोळ्या घ्यायला आलेल्या चांगुणाबाई बाहेर उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. आत आल्या, पदर खोचला आणि बसवंतमामांच्या समोर उभ्या राहिल्या.

"सिस्टरला काहून इचारता? मला इचारा की. हाव, मला टीबी झालाय. आज मी माझ्या तोंडानं सांगायलेय. गोळ्या चालू हायत, थुंकीत जंतू न्हाईत. ते तपासल्याबिगर मी चुलीपाशी गेले न्हाई, किल्लारीला जाऊन पडले होते. लेकरं काय तुमचीच हायत? पाच वर्षं माझ्या हातचं खाल्लंय त्यांनी." त्यांनी मागं उभ्या असलेल्यांकडेही एकेकदा बघितलं. "डबे द्यायचे असतील तर खुशाल द्या. पण रोगाचं निमित्त करू नका, मामा. डबे आधीबी होतेच."

बसवंतमामांनी खांद्यावरचा रुमाल झटकला, परत टाकला आणि ते मान खाली घालून बाहेर पडले. त्यांच्यामागून बाकीचेही गेले.

महिनाभरानं चांगुणाबाईंना शाळेत परत बोलावलं. सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. काही दप्तरांत डबे अजून येतात. ते कुठल्या आजारामुळे येतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्या आजाराची नोंद करायला माझ्यात जागा नाही.

आमच्याकडे बदल झाले. सुदर्शन स्वतः उदगीरला जाऊन लांब वायर घेऊन आला. टेबल फिरलं, आता माझी पाठ दाराला आहे. बाकडं व्हरांड्याच्या टोकाला गेलं. नाव-गाव-दुखणं मोठ्यानं विचारायची सवय सिस्टरनं सोडली. मी चालू असताना या खोलीत फोटो काढायचा नाही, असा डॉक्टरांनी दंडक घातला. दुसऱ्या दवाखान्यांतल्या सिस्टरांना ही हकीकत सांगायची ठरली, तेव्हा ज्योत्स्नानं चांगुणाबाईंना आधी विचारलं, "सांगू का? नाव बदलून सांगते."

"सांगा. पण माझं नाव बदलू नका. लपवायचं का सांगायचं, ते माझं मी ठरवीन. चांगुणा म्हणूनच सांगा."

म्हणून ते एक नाव खरं आहे.

एवढं होऊनही एक गोष्ट मला खात होती. त्या फोटोनंतर दगडोबा नावाचे म्हातारबा दाराशी येऊन गेले होते. खोकला असा की उभं राहवत नव्हतं. सिस्टरनं "नाव काय बाबा?" विचारलं, तसे ते माझ्याकडे बघून "नगं, नगं" म्हणत परत फिरले. सिस्टर त्यांच्या घरी गेली तर आतून कडी. त्यांच्यासारखे आणखी किती जण घरातच खोकत बसले असतील? फोटो पुसता येतो. माणसाच्या मनात बसलेली धास्ती पुसायचं बटण माझ्यात नाही.

परवा चांगुणाबाईंचा गोळ्यांचा कोर्स संपला. शेवटच्या तपासणीला त्या आल्या तेव्हा एकट्या नव्हत्या. दगडोबांना हाताला धरून घेऊन आल्या होत्या. म्हातारबा उंबऱ्यावरच अडले.

"तुझं झालं तसं माझं झालं तर, चांगुणा? दोन नाती हायत लग्नाच्या."

चांगुणाबाईंनी त्यांना दारातच उभं केलं. "इथून बघा. काय दिसतंय?"

दगडोबांनी डोळे बारीक करून बघितलं. त्यांना माझी पाठ दिसली, आणि लोंबणाऱ्या चार वायरी.

"काहीच दिसंना."

"मंग जावा आत. सिस्टरला समदं सांगा." दगडोबा खुर्चीवर टेकले. ज्योत्स्ना सिस्टरनं मान वर करून चांगुणाबाईंकडे बघितलं. त्या थांबतील, धीर देतील असं तिला वाटलं असावं. पण चांगुणाबाई मागं सरकल्या.

"मीबी बाहेर थांबते, सिस्टर. त्यांचं काय असंल ते मला ऐकायचं न्हाई."

आणि त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

तुम्हीही कधी दवाखान्यात याल. फोटो काढायचा मोह झाला तर एकदा मागं वळून बघा, आणि माझं तोंड दाराकडे दिसलं तर बेधडक टोका. आत्ता मात्र जास्त बोलत नाही. दार बंद आहे, म्हातारबा हळू आवाजात आपलं नाव सांगतायत, आणि सिस्टर ते माझ्यात लिहून घेते आहे.