ओठ जुळले

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. बेंगळुरूत यशवंतपूरला मार्केटच्या मागे एक छोटा डबिंग स्टुडिओ आहे, तिथे उभा असतो. दांड्याला चिकटपट्टी, जाळीला पोचा, आणि हल्ली मान खाली. लोकांना वाटतं स्क्रू ढिला झालाय. डोंबल! मला लाज वाटते.

कारखान्यात मला एकच काम शिकवलं. समोरचा बोलेल ते जसंच्या तसं पुढे द्यायचं. मी वाघ दिला, भूत दिलं, साबणाच्या जाहिराती दिल्या. "असा माईक अख्ख्या बेंगळुरूत नाही," असं आमचे मालक अरविंद सर येईल त्याला सांगायचे. मी फुगायचो.

मग तो सिनेमा आला. पोहणाऱ्या दोन मुलींचा, एका पुस्तकावरून काढलेला. त्याचं मराठी करायचं होतं. आवाज द्यायला आल्या निपाणीची पवित्रा आणि नागपूरची मुग्धा. कॉलेजातल्या मैत्रिणी. ते पुस्तक दोघींनी एकाच फोनवर वाचलेलं, डोक्याला डोकं लावून. मुग्धा पाणी प्यायला गेली की पवित्रा माझ्यासमोर हळूच एक वाक्य घोकायची, "तू मला आवडतेस. मैत्रीण म्हणून नाही. तशी."

वाक्य सिनेमातल्या मुलीचं. पण पवित्राला ते स्वतःचं म्हणून बोलायचं होतं, मुग्धाला. एरवी तिची जीभच उचलत नव्हती. मला कळतं असलं. मी श्वास ऐकतो.

पुस्तकात त्या पोहणाऱ्या दोघींचं प्रेम पानंच्या पानं होतं म्हणे. सिनेमावाल्यांनी छाटून छाटून एवढं एक वाक्य ठेवलं. सरांनी तेही खोडलं.

"इथे म्हण, 'तू मला बहिणीसारखी आहेस.'"

"सर, त्या बहिणी नाहीयेत," पवित्रा म्हणाली.

"अगं, लोक आईबापांना घेऊन बघणार. स्वल्प ॲडजस्ट कर ना, बाळा."

"पण पुस्तकात..."

"पुस्तक कोण वाचतंय? बोलतेस, की दुसरी मुलगी बोलावू?"

पवित्राने मुग्धाकडे बघितलं. मुग्धा तिच्याकडेच बघत होती. ही आता सरांना नाही म्हणेल, याची वाट बघत होती.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला.

"तू मला बहिणीसारखी आहेस," पवित्रा म्हणाली.

मुग्धाचं पुढचं वाक्य कुणी बदललंच नव्हतं. ती म्हणाली, "मला माहीत होतं." आवाज फाटला तिचा.

"एक नंबर!" सर ओरडले. "आणि पडद्यावरच्या पोरीशी ओठ पण जुळले बघा!"

आणि मी? एरवी दमट हवेत उगाच खरखरतो. त्या दिवशी नाही खरखरलो. बंद नाही पडलो. सगळं कसं स्वच्छ पुढे दिलं, अगदी शहाण्या मुलासारखं.

मुग्धाने हेडफोन काढला, पिशवी उचलली.

"थांब ना, दोघी जाऊ," पवित्रा म्हणाली.

"नको. येते, अक्का."

पवित्राच्या घरी मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. सर खो खो हसले. त्यांना वाटलं, पोरगी गंमत करतेय. दार लागलं. पवित्रा माझा दांडा धरून उभी राहिली.

मित्रांनो, मला टिचकी मारू नका, फुंकून बघू नका, मऊ फडक्याने पुसत जा. आणि माझ्यासमोर कुणाच्या प्रेमाला भलतंच नाव द्यायला लावलं, तर तिथेच अडून बसा. मला 'नाही' म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.