थांबा, गरम आहे

"राग आला की बर्फाचा खडा मुठीत धरायचा. गार लागलं की डोकं ठिकाणावर येतं," समुपदेशक बाई म्हणाल्या.

तो ओशाळून हसला. "बाई, मी बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो. माझ्या हातांना गार कळत नाही. गरमही नाही."

आता बोला! बाईंनी बर्फाचा नाद सोडला. "मग तोंडाने सांगा. राग आलाय म्हणायचं आणि सरळ बाहेर पडायचं. निवलात की परत या."

एवढंसं वाक्य, पण घशातून निघेल तर शपथ! कारखान्याच्या घरघरीत त्याने ते घोकून घोकून पाठ केलं. न करून सांगतो कोणाला? बायको माहेरी जाऊन बसली होती. रागाच्या भरात त्याने लादी ओढायचा लोखंडी आकडा भिरकावला होता. तो तिच्या कानाजवळून गेला आणि दारात रुतला. ती गेली तेव्हापासून त्याला ना राग येई, ना रडू. जेवण नुसतं पोटात ढकलायचं. चहाने मात्र रोज जीभ भाजायची, कारण कप हातात देताना "थांबा, गरम आहे" म्हणणारं घरात कोणी नव्हतं.

रविवारी ती भावाला घेऊन आली. राहायचं की नाही, ते बघून ठरवणार होती. ती चहा ठेवायला आत गेली. मेहुण्याने दारातल्या खाचेवरून बोट फिरवलं.

"शिकवणी लावलीय म्हणे, दाजी? या वयात? माणसासारखं वागायला?"

कितीतरी दिवसांनी त्याची कानशिलं तापली. बायको स्वयंपाकघराच्या दारात थिजून उभी राहिली.

"मला राग आलाय," तो म्हणाला. "बाहेर जाऊन येतो."

कोपऱ्यावरच्या नळाखाली त्याने डोकं धरलं आणि निवल्यावर परत फिरला. जमलं होतं की! कधी एकदा तिला सांगतो असं त्याला झालं.

मेहुणा खाली गाडीपाशी थांबला होता. ती घरात होती, पिशवी खांद्याला लावून. तिने आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. ते रिकामे होते.

"बदललात हो तुम्ही. खरंच," ती म्हणाली. "पण तुम्ही बाहेर पडलात आणि मला वाटलं, आकडा आणायला गेलात. पहिली पिशवी उचलली मी. माझी भीती काही जात नाही बघा."

तिने कप त्याच्या हातात दिला.

"थांबा, गरम आहे."

ती जिना उतरली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तो मधूनमधून कप गालाला लावून बघत होता. चहा निवला, वर साय धरली, तरी तो थांबलाच होता.