तनयाच्या नावाची विनंती

शुक्रवारी सकाळपासूनच उजागऱ्यांच्या घरात खुर्च्यांची सरकवासरकव सुरू झाली होती. संध्याकाळी मराठी ख्रिस्ती मंडळींची घरगुती प्रार्थनासभा होती आणि या वेळची पाळी त्यांची होती. सरोजिनीबाईंनी सोफ्याचे अभ्रे बदलले, खालच्या मजल्यावरून चार खुर्च्या मागवल्या, आणि पोहे किती भिजवायचे यावरून सुनेला दोनदा सूचना दिल्या. तनया हो हो म्हणत कांदे चिरत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला कांद्याचं निमित्त होतं, हे बरंच होतं.

जयपूरसारख्या शहरात मराठी ख्रिस्ती कुटुंबं ती किती असणार? नगर, संगमनेर, जालन्याकडून बँकेच्या नाहीतर विम्याच्या बदलीवर आलेली आणि मग इथंच राहून गेलेली, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं. रविवारची उपासना हिंदीत होई. मराठीत भजन म्हणायचं, मराठीत हसायचं, मराठीत रडायचं तर ते या सभेतच. राहुरीहून लग्न होऊन विद्याधर नगरच्या या फ्लॅटमध्ये आलेल्या तनयाला पहिल्या वर्षी याच माणसांनी सांभाळलं होतं. तिचा नवरा श्रेयस लहानपणापासून जयपूरचा. त्याचं मराठी निम्मं हिंदी, आणि तेही तो मोजकंच बोलायचा. त्यामुळे ही सभा गेली तर आपल्याशी आपल्या भाषेत बोलणारं या शहरात कोण उरेल, हे तनयाला पक्कं ठाऊक होतं.

सभेची एक रीत होती. भजन झालं, वचन वाचून झालं की विनंत्या. एकेकानं आपली अडचण सांगायची आणि सगळ्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची. कुणाचे गुडघे, कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाच्या भावाची दारू. दुसऱ्याच्या वतीनंही विनंती ठेवता यायची, त्याला विचारायची गरज नसे. मग आठवडाभर फोन येत, "आता कसं आहे?" माया तर त्यात होतीच. पण एकदा का गोष्ट प्रार्थनेत आली की ती सगळ्यांची झाली, आणि जिची ती होती तिच्या हातात काहीच उरत नसे, हे मात्र कुणी बोलत नसे.

तनयाची अडचण तिच्या भरतकामाच्या डब्यात, रिळांच्या खाली होती. गर्भनिरोधक गोळ्यांची पट्टी.

धाकट्याच्या वेळी वार गर्भाशयाला चिकटून बसली होती. पोट फाडून बाळ काढलं, पण रक्त थांबेना. बाटल्यांवर बाटल्या चढवल्या तेव्हा कुठं ती वाचली. शास्त्री नगरच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल. त्यांनी ऑपरेशनही सुचवलं होतं, पण देवानं दिलेल्या देहाला असा हात लावायचा नाही म्हणून सरोजिनीबाईंनी त्याचं नावही काढू दिलं नाही. मुलाचं अंगावरचं दूध सुटल्यावर तनयानं त्यांनीच लिहून दिलेल्या गोळ्या सुरू केल्या. सासूला सांगितलं नाही. श्रेयसला सांगितलं, तेव्हा तो लॅपटॉपमधून मान वर न काढता "ठीक आहे" म्हणाला.

मग सभेच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला. गोळी म्हणजे मूक गर्भपात, असं त्यात एक माणूस शांतपणे सांगत होता. कधीकधी गर्भ राहतो, आणि गोळीमुळे त्याला रुजायला जागाच मिळत नाही. बाईला पत्ताही लागत नाही आणि हत्या होऊन जाते.

तनयानं तो व्हिडिओ हसून बाजूला टाकला असता तर ही गोष्ट घडलीच नसती. पण ती खरोखर श्रद्धाळू होती. आईच्या उदरात जीव घडवणारा देवच आहे आणि तो घडायला लागल्यापासून देवाचाच आहे, असं ती मनापासून मानायची. रोज सकाळी गोळी हातात घेतली की तिचा हात थबकायचा. आज आपण कुणाला मारलं तर नाही ना? आणि नाही घेतली, तर थोरली मुलगी सुवार्ता आणि धाकटा आईविना वाढतील, त्याचं पाप कुणाच्या माथी?

ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तिची थट्टा केली नाही, ही त्यांची थोरवी.

"देखो तनया, ये गोली ज़्यादातर अंडा बनने ही नहीं देती. अंडा नहीं, तो गर्भ कहाँ से?"

"और कभी बन गया तो?"

"बहुत कम होता है. तब गोली उसे टिकने नहीं देती, ऐसा पक्का सबूत मुझे नहीं मिला. मगर कभी नहीं होता, ऐसी कसम भी मैं नहीं खा सकती. मैं डॉक्टर हूँ, पादरी नहीं. पर तुम्हारी बच्चेदानी मैंने अपनी आँखों से देखी है. वो दोबारा नहीं झेलेगी."

घरी आल्यावर तिनं श्रेयसला सगळं सांगितलं. शंका सांगितली, भीती सांगितली, आणि मनाचा हिय्या करून हेही सांगितलं की त्यानं काळजी घेतली, निरोध वापरला, तर या गोळ्यांची गरजच पडणार नाही. तसं तिनं वर्षापूर्वीही एकदा सुचवलं होतं.

"मतलब, आता हे पण मीच करायचं?" श्रेयस कसनुसा हसला. "मला ते जमत नाही, तुला माहितीये. तू असं कर ना, काकूंशी बोल. त्यांना समजतं हे सगळं."

आणि तो पाण्याची बाटली भरायला उठून गेला. त्या एका खोलीत, ज्याच्याशी हे बोलायचं तो माणूस घरातच असूनही, तनया इतकी एकटी पडली की तिला राहुरीच्या घरची आठवणसुद्धा परकी वाटली.

ती शालिनीकाकूंशी बोलली. काकू म्हणजे सभेचे वडीलधारे वसंतराव यांच्या पत्नी. तनयाच्या बाळंतपणात त्यांनीच डिंकाचे लाडू करून आणले होते. काकूंनी तिला जवळ घेतलं, डोकं थोपटलं, "तू काळजी करू नकोस गं, मी बघते," म्हणाल्या. तनया हलकी होऊन घरी आली. ही बुधवारची गोष्ट.

शुक्रवारी संध्याकाळी घर भरलं. ख्रिस्ती रीतीनं "सलाम, सलाम" झालं. भजनं झाली, वचन झालं. कोपऱ्यात वसंतरावांची सून अनुश्री तिसऱ्या बाळाला पदराखाली घेऊन बसली होती. तिसरी मुलगीच, आणि आता चौथ्याची बोलणी घरात सुरू झाली होती. अनुश्री सभेत कधी बोलत नसे.

विनंत्या सुरू झाल्या. गुडघे झाले, नोकरी झाली. मग शालिनीकाकूंनी डोळे मिटून घेतले.

"आपल्या तनयासाठी प्रार्थना करू या. ती संतती रोखायच्या गोळ्या घेतीये. पोर फार घाबरलीये. देवानं तिला विश्वासात बळ द्यावं."

सरोजिनीबाईंनी एकदम सुनेकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

काकूंच्या मनात तिळमात्र कपट नव्हतं, हे सांगायलाच हवं. कपट असतं तर सोपं झालं असतं. वाईट माणसाशी भांडता येतं; मायेनं डोक्यावर हात ठेवून आपली लाज चारचौघांत मांडणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

वसंतरावांनी घसा खाकरला. "तनया, बेटा, तुझं दुःख आम्हाला समजतं. पण जीव देणारा आणि नेणारा तो आहे. आपण मध्ये यायचं नाही. त्या गोळ्या घेऊन ये. इथं टेबलावर ठेव, सगळे मिळून प्रार्थना करू. तो तुला सांभाळील."

"जा बाई," सरोजिनीबाई रडत म्हणाल्या. "आण. माझ्या घरात नको ते पाप."

तनयानं श्रेयसकडे पाहिलं. त्याची मान खाली होती. प्रार्थनेतच होता की काय, कोण जाणे.

ती उठली. आतल्या खोलीत जाऊन डबा उघडला, पट्टी हातात घेतली. ठेवून द्यावी. ठेवली की सगळे जवळ घेतील, पोहे खाल्ले जातील, उद्या फोन येतील. एकटं राहावं लागणार नाही. एवढंच तर हवं होतं तिला.

दाराशी सुवार्ता उभी होती. "मम्मी, सब लोग वाट बघतायत. तू पुन्हा हॉस्पिटलला जाणार का?"

तनयानं तिच्याकडे पाहिलं आणि पट्टी पुन्हा डब्यात ठेवली.

ती रिकाम्या हातानं बाहेर आली. बसली नाही.

"काका, मी गोळ्या आणल्या नाहीत," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की शेवटच्या खुर्च्यांवरची माणसं पुढं वाकली. "धाकट्याच्या वेळी तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केलीत. देवानं ती ऐकली. पण कशी ऐकली? ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत त्यांचं रक्त मला चढलं, आणि एका परधर्माच्या बाईनं मला शिवलं. तो देवाचाच हात होता, असं तुम्हीच इथं साक्ष देताना म्हणालात. मग त्याच बाईनं दिलेली गोळी सैतानाची कशी झाली?"

"अगं, पण त्या इवल्या जिवाचं..." काकू म्हणाल्या.

"मला त्याची भीती वाटते, काकू. रोज वाटते. तुमच्यापेक्षा जास्त वाटते, कारण गोळी माझ्या हातात असते. डॉक्टरांनाही शपथ घेता आली नाही, तुम्हालाही येणार नाही. ती शंका माझी आणि देवाची. मी त्याच्यापुढं रोज ठेवते. माझ्या नावाची विनंती तुम्ही मागं घ्या."

पुढचं बोलावं की नाही, हे तिचं तिलाही ठरवता येत नव्हतं.

"आणि गोळी नकोच असेल, तर गोळीशिवायचा मार्ग पुरुषाच्या हातात आहे. मी वर्षापूर्वी मागितला होता. त्यासाठी आजवर एकानंही विनंती ठेवली नाही. आज मी ठेवते. श्रेयससाठी."

श्रेयसची मान वर आली. त्याचा चेहरा लाल झाला होता.

वसंतरावांनी समारोपाची प्रार्थना उरकली. पोह्यांना कुणी हात लावला नाही. चपला शोधताना एरवी गप्पा रंगायच्या, त्या दिवशी नुसत्या चपला वाजल्या. सरोजिनीबाई खोलीत जाऊन दार लावून बसल्या. तनयानं भरलेलं पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं आणि एकेक खुर्ची उचलून भिंतीला लावली.

पुढच्या आठवड्यात एकही फोन आला नाही. ग्रुपवर सभेचा पत्ता आला, पण "अवश्य या" म्हणणारं कुणी नव्हतं. श्रेयस हेडफोन लावून काम करी. सासू जेवण वाढून घेई आणि ताट घेऊन आत जाई. तनया सकाळी गोळी घेई, डोळे मिटून बसे, आणि जी क्षमा मागायची की नाही हेही तिला कळत नव्हतं, ती मागे. दिवसभरात मराठीत तिच्याशी कुणी बोललंच तर ती सुवार्ता, आणि तेही निम्मं हिंदीत. आपलं बरोबर होतं, या समाधानावर माणसाचं पोट भरत नाही. तिला लोक हवे होते.

त्याच्या पुढच्या गुरुवारी दुपारी फोन वाजला. पलीकडे नळ सोडल्याचा आवाज येत होता.

"ताई, मी अनुश्री." कुजबुज होती. "ती डॉक्टरीण शास्त्री नगरला नक्की कुठं बसते?"

तनया खाली बसली.

"पत्ता पाठवू नका हं, फोन बघतात माझा. तोंडी सांगा. आणि ताई, सभेत कुणी..."

"सभेत नाही, कुठंच नाही," तनया म्हणाली. "आणि पत्ता कशाला? मीच येते तुझ्याबरोबर. मुलीला लस द्यायची आहे, असं सांग घरी."

अनुश्रीनं नळ आणखी मोठा केला.

"हे पाप आहे का हो ताई?"

खोटा धीर देणं तनयाला सोपं होतं. तिनं तो दिला नाही. "मला ठाऊक नाही गं. पण तुझ्या जिवाचा हिशोब तुला न विचारता दुसऱ्यांनी करावा, हे पाप आहे, एवढं मला ठाऊक झालंय."

"माझ्यासाठी प्रार्थना कराल?"

"करते," तनया म्हणाली. "आत्ताच. आपण दोघीच."

अनुश्रीनं नळ बंद केला.