वाचनालयाच्या दारातली बाई

लेकीच्या कॉलेजात घरबसल्या, फोनवर फेरी मारता येते, हे प्रवेशाच्या वेळी ऐकलं तेव्हा आईने ते हसण्यावारी नेलं होतं. चित्रातल्या विहिरीने कुणाची तहान भागते का, असं ती म्हणाली होती. पण लेक वसतिगृहात राहायला गेली, घर खायला उठलं, आणि शिवणयंत्र थांबवून ती आधी दुपारी एकदा, मग जमेल तेव्हा त्या फेरीत शिरू लागली. फरशीवरच्या पांढऱ्या बाणावर बोट टेकवलं की जिना पुढे यायचा, बोट सरकवलं की खिडक्या फिरायच्या. चित्रण सुट्टीतलं असल्याने तिथे चिटपाखरूही नसे. तरी दुसऱ्या मजल्यावरच्या वाचनालयाच्या दाराशी ती थबके आणि लेक आत्ता आत वाचत बसली असेल, असं मनाशी धरून बराच वेळ तिथेच राही. शेवटी पडद्यावर प्रश्न येई : आपण खरोखर येथे असल्यासारखे वाटले का? ती मनापासून ‘हो’ दाबे.

एकदा लेकीचा फोन आला. आवाज दबलेला. अंगावर काय घातलंयस, असं तिने विचारलं. नेहमीचा गाऊन, दुसरं काय, आई म्हणाली.

“आई, तू इथे येत जाऊ नकोस.”

मग तिने अडखळत सांगितलं, की वाचनालयाच्या दारात एक बाई उभी असते. विटका गाऊन, गळ्यात मापाची टेप, खांद्याला टाचण्या. मुली तिला ‘मापवाली’ म्हणतात, हसतात. काल एकीने विचारलं, ही कुणाची आई आहे का?

“मग तू काय म्हणालीस?”

“ओळखत नाही म्हटलं.”

हे कसं शक्य आहे, असं विचारायचं आईला सुचलंच नाही. तिला आधी आठवला तो गाऊन, काखेत उसवलेला. जगाचं उसवलेलं शिवणाऱ्या बाईने तो तसाच अंगावर वागवला होता, आणि तो सगळ्या वर्गाने पाहिला होता. तिचे कान तापले. चुकलं गं, एवढंच ती म्हणाली. पलीकडे लेक रडत होती.

त्याच दिवशी आईने ती फेरी फोनमधून पुसून टाकली. घरातही ती इस्त्रीचे कपडे घालू लागली. कुणी आलं की टेप आधी खिशात जाई.

पुढची परीक्षा होईपर्यंत लेकीने तो विषय काढला नाही. मग एका सकाळी फोन आला.

“आई, तू अजून तिथेच आहेस.”

त्या दिवसापासून फेरीत शिरलेच नाही, अशी आईने शपथ घेतली. माहीत आहे, लेक म्हणाली. तिला झोप लागत नव्हती. मी आपल्या आईलाच नाकारलं, हे तिला आतून खात होतं. म्हणून आज सगळ्या मुलींच्या देखत ती दारापाशी गेली आणि त्या बाईचा हात धरून तिने ‘आई’ अशी हाक मारली.

“मग?” आईने विचारलं.

“तू माझ्याकडे अगदी मायेनं बघितलंस,” लेक म्हणाली, “आणि विचारलंस, कोणाची गं तू?”