तिसरा ढीग

वर्षाच्या सुरुवातीलाच शिक्षण कार्यालयाचं पत्रक आलं: यंदा प्रत्येक वर्गानं जगाशी नातं जोडायचं. न्यूफाउंडलंडच्या पार टोकाला आमचं गाव. शाळेत अकरा मुलं, एक खोली, आणि शिकवायला मी एकटी. छप्पर गळतंय म्हणून तीन वर्षं कळवतेय, ते कुणाला दिसत नाही. जग मात्र मी आणायचं! चडफडत त्यांनी दिलेली यादी उघडली आणि दिसेल त्या नावावर बोट ठेवलं. जमैकातली एक शाळा निघाली.

अट अशी की दोन्ही गावांतल्या एकेका जुन्या माणसानं आपलं काम मुलांना सांगायचं. आमच्याकडे काम एकच, कॉड मासा खारवून वाळवणं, आणि ते हातानं केलेली बाईही आता एकच उरलीय: महाला पार्डी. वय शहाऐंशी, अख्ख्या गावाची मावशी. मी विचारायला गेले तेव्हा ती मोजे विणत होती.

"कुठल्या मुलांशी बोलायचंय म्हणालीस?"

"जमैकातल्या."

सुया थांबल्या. "मग मी नाही यायची."

दोन कप चहा झाल्यावर कारण बाहेर पडलं. वाळलेला मासा धक्क्यावर नेला की व्यापाऱ्याचा पारखी एकेक मासा उलटापालटा करून ढिगांत टाकायचा. पहिला ढीग उत्तम माशाचा, दुसरा मध्यम. तिसऱ्यात तुटका आणि उन्हानं करपलेला. त्या तिसऱ्याला नावच 'वेस्ट इंडिया', कारण तो वेस्ट इंडीजच्या बेटांवर, म्हणजे जमैकाकडेच जायचा. मावशी तेरा वर्षांची असताना आईनं तिला वाळवणापाशी बसवलं होतं. ऊन चढलं की मासा उलटायचा, एवढंच काम. तेवढ्यात बंदरात आगबोट लागली आणि ही बघायला पळाली. परत येते तो सगळं वाळवण करपलेलं.

"पारखी एकेक मासा तिसऱ्या ढिगात भिरकावायचा आणि दर वेळी ओरडायचा, 'वेस्ट इंडिया!'" मावशी म्हणाली. "अख्खा धक्का ऐकत होता. वर आईला हसून म्हणाला, 'काळजी नको, तिकडचे लोक काहीही खातात.' आई एक शब्द बोलली नाही. मरेपर्यंत त्यावर बोलली नाही. आणि आता त्यांच्याच नातवंडांपुढे बसून मी कुठल्या तोंडानं माझ्या कामाच्या बढाया मारू?"

"मग तिसऱ्या ढिगाचा विषयच नको काढूस," मी म्हटलं. "दोनच सांग. मुलांना काय कळतंय!"

हे वाक्य मला आजही टोचतं. पण त्यावर ती यायला कबूल झाली.

गुरुवारी शाळेत इंटरनेटवरून जोडणी झाली, तेव्हा पडद्यावर जमैकातली तीस मुलं दाटीवाटीनं बसली होती. मावशीनं टेबलावर खराखुरा मासा ठेवला आणि सुरी उचलली. गळ्याशी एक काप, पोटावरून एक, मग कण्याचं हाड अलगद ओढून बाहेर! मासा पुस्तकासारखा उघडला. मी या गावात जन्मले, पण हे असं होताना कधी पाहिलं नव्हतं. लिअँडर हा आमचा सगळ्यात वात्रट पोरगा. तोसुद्धा तोंड उघडं टाकून बघत होता. तिकडून टाळ्या पडल्या. मावशीनं मीठ सांगितलं, ऊन सांगितलं, आणि दोन ढीग सांगितले.

पुढच्या बाकावर नॅडीन नावाची मुलगी होती. तिनं हात वर केला.

"मावशी, उत्तम मासा युरोपला गेला. मध्यम तुम्ही म्हणता ब्राझीलला गेला. मग आमच्याकडे कुठला आला? आमच्या आज्या-पणज्या तर तुमचाच मासा खायच्या."

माझा हात आपोआप संगणकाकडे गेला. "अगं, इंटरनेट जरा गडबड करतंय वाटतं..."

मावशीनं माझं मनगट पकडलं. "गप गं. चांगलं धडधाकट आहे इंटरनेट." मग पडद्याकडे वळून म्हणाली, "खोटं बोलले, बाळ. ढीग तीन होते. तिसरा वाईट माशाचा, तो तुमच्याकडे यायचा. त्यातला काही माझ्या चुकीनं करपलेला होता. मला क्षमा करा."

मग नॅडीनच बोलली, रागानं नाही, धड्याचं उत्तर द्यावं तशी. "आम्हाला इतिहासात आहे ते. उसाच्या मळ्यांत ज्यांना गुलाम म्हणून राबवायचे ना, त्यांना द्यायचे. स्वस्त पडायचा म्हणून."

गुलामगिरी मावशीच्या जन्माआधी शंभर वर्षं संपली होती. ढिगाचं नाव मात्र तेच राहिलं होतं. माझी अकरा मुलं माझ्याकडे बघायला लागली. आपला मासा साता समुद्रांपार जायचा, हे मी त्यांना दरवर्षी छाती फुगवून शिकवलंय. तो कोण खायचं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. लाज वाटली, फार वाटली.

"सरा रे बाजूला!" पडद्यावर एक दणकट बाई मुलांमधून वाट काढत पुढे आली. अंगावर एप्रन, हातात ताटली. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या इसिल्डाबाई. "माई, हे बघा. ॲकी नावाचं आमच्याकडचं पिवळ्या गराचं फळ, आणि तुमचा खारा मासा. पाहुणा येवो, सण असो, साऱ्या देशाचं मानाचं ताट हेच."

मावशी पडद्याला नाक लागेल इतकी पुढे झुकली. "त्या तिसऱ्या ढिगातल्याचं?"

"त्याचंच सुरू झालं. तुटका म्हणता? आम्ही तुकडेच करतो त्याचे! रात्रभर भिजवायचा, उकळायचा, कांद्या-मिरचीत परतायचा. फेकलेलं पुढ्यात आलं, त्याचं काय करायचं ते आमच्या आज्यांनी ठरवलं."

सगळं हिसकावून घेतलेल्या माणसांनी कुणाच्या तरी टाकाऊतून देशाचं ताट उभं केलं होतं, आणि ते आमच्या गळक्या खोलीत पिवळंधमक चमकत होतं.

"क्षमा मागितली ती मागितलीच," मावशी हट्टानं म्हणाली.

"पोचली. करपवल्याचं माफ. बाकीचं पाप तुमच्या एकटीच्या माथी नाही मारायची मी." इसिल्डाबाईंनी ताटली खाली ठेवली. "आता पोरांच्या नाश्त्याची वेळ झाली. खाण्याआधी रोज म्हणतात, ज्या हातांनी हे केलं त्यांचं भलं कर. मला आपलं वाटायचं, हात म्हणजे माझेच! माई, मासा वाळवायला तुम्हाला शिकवलं कुणी?"

"आईनं."

"नाव काय त्यांचं?"

मावशी खुर्चीत ताठ बसली. "डॉर्कस."

तीस मुलांनी डोळे मिटले. "देवा, इसिल्डाच्या, महालाच्या आणि डॉर्कसच्या हातांचं भलं कर." इकडे लिअँडर उठून उभा राहिला, मी सांगितलं नव्हतं. मग बाकीचे दहाही उठले.

मावशी एकटीच बसून होती. "आई," ती पुटपुटली, "ऐकलंस? तुझं नाव घेतलं गं त्यांनी."